तिकडच्या पृथ्वीचा कायदा

निगडीच्या बसस्टँडबाहेर परवापासून झेंडूचे टेम्पो उभे राहायला लागले आहेत. मागचा फाळका पाडला की फुलं रस्त्यावर ओसंडतात, बायका गोणपाटावर ढीग लावतात आणि बसमधून उतरणारा माणूस खोल श्वास घेऊन म्हणतो, चला, आला दसरा. मी मात्र नाकाला रुमाल लावून पलीकडच्या फुटपाथवर जाते. मला तो वास सोसत नाही. माझ्या डोक्यात झेंडूला प्रेसच्या ऑइलचा वास चिकटलेला आहे आणि त्या दोन्हींच्या खाली तिसरा एक गरम वास आहे. तो रक्ताचा. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

त्यात प्रकाशकबाईंचा फोन. "कादंबरीतला तुमचा ग्रह भन्नाट जमलाय हो. हुबेहूब आपली पृथ्वी, आणि तरी वेगळी. पण एक प्रकरण राहिलंय. तिकडं मारणाऱ्यालाच जखम होते, ते कळलं. यंत्रानं माणूस चिरडला तर जखम कुणाला? वाचक विचारणारच." मी म्हटलं, लिहिते. बाई म्हणाल्या, दिवाळीपर्यंत द्या. मी हो म्हणून फोन ठेवला आणि कारण नसताना भांडी आपटत बसले. ते प्रकरण मला तोंडपाठ आहे. चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये, निघोज्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते पूर्ण झालंय. कागदावर तेवढं उतरायचं आहे.

चाकणचा ऑक्टोबर ज्यानं काढला नाही त्याला ऊन म्हणजे काय हे अर्धंच कळलेलं असतं. पाऊस गेलेला, चिखलाची धूळ झालेली, आणि रस्त्यावरचे कंटेनर ती धूळ दिवसभर घुसळत असतात. मोठ्या कंपन्यांना दिवाळीआधी गाड्या बाहेर काढायच्या असतात. त्यांना घाई झाली की त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या शॉपच्या तोंडाला फेस येतो. आमच्या शेडमध्ये सात प्रेस होते. सगळे एकदम चालले की कपातला चहा थरथरायचा. धाड्, धाड्, धाड्. पत्रा आत, ब्रॅकेट बाहेर. मी तिथं लाइन सुपरवायझर होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पिंपळे गुरवहून स्कूटरवर येणारी, चाळीस माणसांत मी एकटीच बाई जिच्या हातात पाना नव्हे, वही असायची. तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे. पाठ वळल्यावर काय म्हणायचे तेही मला ठाऊक होतं, कारण माझे कान तिखट आहेत.

त्या वहीच्या पुढच्या बाजूनं प्रॉडक्शन असायचं आणि मागच्या बाजूनं ग्रह. शाळेपासूनची ही खोड. आमचे बाबा कारखान्यातून रिटायर झालेले. ते म्हणायचे, "आधी स्वतःची खोली झाड, मग ग्रह बनव." त्या वर्षी मी जो बनवत होते तो पृथ्वीचा आरसा होता. तोच सूर्य, तेवढाच कलता आस, म्हणजे पाऊस वेळेवर. तेवढाच चंद्र, तेवढंच वजन. प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारा साचा, म्हणजे डाय, त्याचे दोन भाग असतात ना, खालच्याला जिथं खड्डा तिथं वरच्याला उंचवटा, तशी मी एकावर एक पृथ्वी बसवत होते. इंद्रायणी होती, चाकण होतं, प्रत्येक माणसाचा जोडीदार तिकडं होता. उजव्याचं डावं झालं होतं, बाकी सगळं तसंच. मला ते फार हुशारीचं वाटत होतं.

संगीताताई तीन नंबरच्या प्रेसवर. बीडकडच्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. हात असा सराईत की भाकरी थापताहेत असं वाटावं. एका दुपारी जेवायच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर बसल्या. खालचा ओठ फुटलेला. ठेच्याचा घास तोंडाला लावला आणि डोळ्यांत पाणी आलं, तसा डबा बाजूला सारला. कुणी विचारू नये म्हणून त्यांनीच मला विचारलं, वहीत काय लिवताय. मी सांगितलं.

"म्हंजी तिकडं बी चाकण हाय?"

"आहे."

"अन् मी?"

"तुम्ही पण आहात. फक्त डावखुऱ्या."

"अन् आमचा बाळू?"

बाळू म्हणजे नवरा. मी म्हटलं, "तोही आहे."

त्यांनी ओठावरचं रक्त जिभेनं पुसलं. "मग काय फायदा वो मॅडम तुमच्या पृथ्वीचा?"

एवढा राग मला कुठल्या परीक्षकाचा आला नसेल. दोन वर्षं मी त्या ग्रहाच्या आसाचे अंश मोजत होते आणि या बाईनं एका वाक्यात तो भंगारात काढला. घरी जाऊन मी वही फेकून दिली, मग उचलून आणली. दुसऱ्या दिवशी संगीताताई स्वतःच म्हणाल्या, "तिकडं आसं करा. ज्यानं मारलं त्यालाच लागावं. बास. बाकी ऱ्हाऊ द्या तुमचं तसंच."

कसं शक्य आहे, असं मी विचारलं. मज्जातंतू, ऊर्जा, कसलं तरी क्षेत्र. माझं इंजिनियरिंग आडवं येत होतं. त्या म्हणाल्या, "पाऊस कसा पडतो त्ये इचारून पडतो का? तिकडं तसं आसतं."

मग पितृपंधरवड्यापासून नवरात्रापर्यंत आम्ही दोघींनी रोज अर्धा तास माणसं मारली. मी खोटं कशाला सांगू, मला तेवढं सुख क्वचितच मिळालं असेल. तिकडच्या बाळूनं पट्टा उचलला आणि त्याच्याच पाठीवर वळ उठले. संगीताताईंनी ते सावकाश, वळ मोजत सांगितलं. उलथणं तापवून सुनेच्या दंडाला लावणारी सासू स्वतःच किंचाळत अंगणात पळाली. आमच्या शाळेतले मास्तर फुटपट्टीची कड बोटांच्या पेरांवर मारायचे, ठरावीक मुलांनाच, आणि ती ठरावीक मुलं कोणत्या वस्तीतली असायची हेही ठरलेलं होतं. मी त्यांची पेरं काळीनिळी केली. मग त्यांच्या हाताला खडू धरवेना इथपर्यंत नेलं. आमच्या गल्लीत कोयते घेऊन गाड्यांच्या काचा फोडत गेलेलं टोळकं होतं. एका रिक्षावाल्याच्या खांद्यावर त्यांनी वार केला होता. तिकडं त्यांचेच खांदे उघडले गेले आणि ते एकमेकांकडं बघत रस्त्यात बसले. साबुदाण्याची खिचडी खात खात आम्ही हे सगळं ठरवत होतो. शेजारी बसलेल्या बायका उठून लांब जायच्या.

कल्पनेतला ग्रह बांधणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. कायदा करणं सोपं असतं, तो कायदा माणसांच्या हाती सोपवला की खरी भीती सुरू होते. मला वाटत होतं, दोन पिढ्यांत तिकडची हिंसा संपेल. सैन्य नाही, तुरुंग नाही, शेतात बाया गाणी म्हणतायत. संगीताताईंना गाणी पटली नाहीत.

"तिकडचा बाळू काय येडा हाय का?" त्या म्हणाल्या. "एकदा भाजल्यावर तो हात लावलच कशाला? पायरीवर तेल सांडून ठिवील अन् आत जाऊन झोपल. मी पडन, माझं डोकं फुटल. त्याला काय?"

खरं होतं. त्या पृथ्वीवर हात न लावता मारायची विद्या निघाली असती. दरड आधीच सैल करून ठेवायची आणि गावाला निघून जायचं. दोरी अर्धी कापून ठेवायची. माणसं तिकडं जास्त गोड बोलली असती आणि जास्त धूर्त झाली असती. आणि सगळ्यांत सोयीची गोष्ट म्हणजे यंत्र, कारण यंत्राला हात नसतो. मी मागच्या पानावर लिहिलं: यंत्रानं मारलं तर जखम कुणाची? बटण दाबणाऱ्याची? मालकाची? यंत्र बनवणाऱ्याची? आमचं दोन दिवस भांडण चाललं. मी म्हणत होते, बटण दाबणाऱ्याची. नियम म्हणजे नियम.

"न्हाई," संगीताताई म्हणाल्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि एका दमात सांगून टाकलं. "ज्याला ठाऊक हुतं त्याला लागणार. तेल सांडलंय हे ज्याला ठाऊक हुतं, त्याचं डोकं फुटणार. मग तो घरात असू दे न्हाईतर मुंबईत."

मी टाळी दिली. वहीत तारीख घालून लिहून घेतलं.

खंडेनवमीला शेड धुऊन काढली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि आमच्याकडे हत्यारं म्हणजे प्रेस. ऑइल पुसलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली. मालकांनी गेटवर कोहळा आपटला. कुंकू भरलेला कोहळा सिमेंटवर फुटला आणि लाल गर माझ्या चपलेपर्यंत उडाला. बायकांनी प्रत्येक प्रेसला झेंडूची माळ घातली. तीन नंबरची माळ संगीताताईंनी घरून ओवून आणली होती, चांगली हातभर लोंबणारी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. आमच्या घरी त्या दिवशी पांढरे कपडे, सकाळी विहारात वंदना, आईच्या हातची खीर. आमचं दसऱ्याचं कारण वेगळं आहे आणि मला ते जिवापाड आवडतं. शेडमध्ये मात्र मी पूजेला हात जोडून मागं उभी राहायचे. कुणी मला ताम्हन द्यायचं नाही, मी मागायचे नाही, आणि आम्ही सगळेच हे न बोलता सांभाळून घ्यायचो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला तीन नंबर अडायला लागला. या प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात आणि त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. सेन्सर म्हणतात त्याला. त्यात हात गेला की प्रेस खाली येत नाही, मग प्रेस खाली आणणाऱ्या पेडलवर पाय असला तरी. त्या दिवशी हाताच्या जागी माळ जात होती. प्रेस वर गेला की माळ हलायची, पडदा कापायची आणि मशीन थांबायचं. चार नग झाले की थांबायचं. गेटवर गाडी उभी, प्लांट मॅनेजर साहेब काचेतून बघतायत. माळ काढायला दोन सेकंद लागली असती. पण पूजेची माळ आपणहून गळून पडेपर्यंत काढायची नाही अशी रीत, आणि ती काढणारी मी? संध्याकाळपर्यंत शेडभर झालं असतं, मॅडमना आपल्या देवाचं चालत नाही. संगीताताईंना सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः काढली असती. आज मला हे कळतं. त्या तेव्हा पाणी प्यायला गेल्या होत्या. मी माळ उचलून वरच्या खिळ्याला अडकवली, ती निसटली. पुन्हा अडकवली, पुन्हा निसटली. सेन्सर बंद करायची एक चावी असते, डाय बसवताना लागते, ती सुपरवायझरच्या गळ्यात असते. मी ती फिरवली.

संगीताताई आल्या. "झालं का वो चालू?"

"झालं," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, माळ वर बांधली.

चहानंतरची वेळ होती. एक ब्रॅकेट डायमध्ये अडकला. त्यांनी हात आत घातला, रोज घालायच्या तसा, कारण हात आत असला की प्रेस थांबतो हे आठ महिन्यांत त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पाय पेडलवर होता. मी पाच पावलांवर नग मोजत होते. आवाज वेगळा आला, धाड् नाही, ओला. प्रेस पुन्हा वर जाऊन थांबला तेव्हा डायमध्ये ब्रॅकेट होता आणि त्याच्यावर उजव्या हाताची मधली तीन बोटं होती. त्या ओरडल्या नाहीत. हाताकडं बघत खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. रक्त झेंडूवर उडालं होतं. पिवळ्यावर ते काळं दिसत होतं. मग सगळं एकदम झालं. कुणी मेन स्विच बंद केला, कुणी पाणी आणलं, मी ताईंना धरलं, हात चिंध्यांमध्ये आवळून बांधला, चावी परत जागेवर फिरवली, साहेबांच्या गाडीत त्यांना घातलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि दवाखाना येईपर्यंत त्या एकच बोलत होत्या, "मॅडम, माझंच चुकलं."

चौकशी झाली. साहेबांनी पडद्यात लाकडी पट्टी धरली, प्रेस थांबला. सेन्सर उत्तम चालू. कागदावर आलं: ऑपरेटरचा निष्काळजीपणा, सेन्सरच्या खालून हात घातला. मी सही केली. संगीताताईंनी डाव्या हातानं केली, तिरकी, लहान मुलासारखी. त्यांना काही दिवस पॅकिंगला बसवलं, मग घरी बसवलं. बाळू आता त्यांना नावानं हाक मारत नाही, थोटी म्हणतो. "सोताच्या हातानं सोताचा हात तोडला हिनं," असं तो चार लोकांत सांगतो. हे मला त्यांनीच हसत सांगितलं होतं, एकदा बाजारात भेटल्या तेव्हा.

अपघातानंतर कित्येक दिवस मी सकाळी उठल्याबरोबर बोटं मोजायचे. दहा. चहा घेताना, सिग्नलला, स्कूटरच्या हँडलवर. दहाच्या दहा. तिकडच्या पृथ्वीवरची मी केव्हाच थोटी झाले होते आणि तिकडच्या संगीताताई दोन्ही हातांनी भाकरी थापत होत्या. मी नोकरी सोडली, भोसरीतल्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये सुरक्षा शिकवायला लागले. हसा हवं तर. फळ्यावर सेन्सरचं चित्र काढताना माझा आवाज कापत नाही.

आणि मी कादंबरी लिहिली. चांगली लिहिली, असं लोक म्हणतात. पण त्या एका कलमाशी माझी चार वर्षं झटापट चालली आहे. "ज्याला ठाऊक होतं" याच्या जागी मी "ज्याचा हेतू होता" करून पाहिलं. हेतू तर माझा नव्हता. मग "ज्याला परिणामांची पूर्ण कल्पना होती" केलं. मग जखम सगळ्या शेडमध्ये वाटून टाकली, मालक, साहेब, गाडी पाठवणारी कंपनी, सगळ्यांना एकेक ओरखडा. तो मसुदा तर फारच सुंदर झाला होता, सामाजिक वगैरे. मी अख्ख्या ग्रहाच्या कायद्यात माझ्यापुरती पळवाट पाडत होते. प्रत्येक वेळी वाचून बघितलं की संगीताताईंचं डब्याचं झाकण लावणं आठवायचं आणि पान फाडावं लागायचं. शेवटी ते प्रकरणच गाळलं. प्रकाशकबाईंना वाटतंय, विसरले.

बुधवारी सकाळी मी निघोज्याला गेले. त्यांची खोली तीच, मागच्या बाजूला शेत होतं तिथं आता गोडाऊन झालंय. बाळू घरी नव्हता. संगीताताई उंबऱ्यात बसून विकायची मेथी निवडत होत्या, डाव्या हातानं खुडत आणि उजव्याचा अंगठा आणि करंगळी यांच्यात जुडी धरत. मला बघून खूश झाल्या. "मॅडम! आता कशा काय वाट चुकलाव?" मी उभ्यानंच सांगून टाकलं. बसले असते तर चहा घेऊन तशीच परत आले असते. माळ वर बांधली नव्हती. चावी फिरवली होती. तुम्हाला सांगितलं नाही.

त्या मेथी खुडत राहिल्या. एक जुडी पूर्ण केली, दुसरी घेतली.

"मी तर म्हनायची, हात कसा गेला," त्या म्हणाल्या. "चार वरसं म्हनायची." मग हात थांबला. त्या मशीनवर आठ महिने काढलेली बाई ती. "पण मग सायबानं पट्टी धरली तवा सेन्सर कसा चालला?"

"मी चावी परत फिरवली होती."

"कवा?"

"तेव्हाच. त्या गडबडीत."

"गडबडीत म्हंजी कवा? मी खाली पडले हुते." त्यांनी मान वर केली. "मला आधी उचललं, का चावी आधी?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. साहेबांनी नाही, बाबांनी नाही. मी स्वतःलाही विचारला नव्हता. चार वर्षं मी ती सकाळ आठवताना नेहमी ताईंना आधी धरत आले, वर लिहितानाही मी तसंच लिहिलंय, पुन्हा वाचून पाहा. त्या जमिनीवर होत्या, हातातून रक्त उडत होतं आणि मी त्यांना ओलांडून पलीकडे गेले होते. ओलांडताना त्यांच्या पदरावर माझा पाय पडला होता.

"चावी आधी," मी म्हटलं.

संगीताताई उठल्या. मांडीवरची मेथी खाली सांडली. त्यांनी उजव्याच हातानं, सगळं अंग मागं नेऊन, माझ्या थोबाडीत मारली. मी दाराच्या चौकटीवर आदळले. कान बंद झाला आणि तोंडात रक्ताची चव आली. शेजारची बाई बाहेर येऊन बघत उभी राहिली. संगीताताईंना धाप लागली होती. त्यांनी आतून चप्पल घेतली आणि दाराला कडी घातली.

"चल," त्या म्हणाल्या. "सायबापुढं बोल हे. समद्यांपुढं बोल. आत्ताच्या आत्ता."

मी स्कूटर स्टँडवरून काढली. त्या मागं बसल्या. आरसा वाकडा झाला होता, तो सरळ करताना माझा गाल दिसला. तळवा उमटला होता, त्याच्या एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला करंगळी. मधल्या तीन बोटांची जागा कोरी होती.